सुगीच्या दिवसांत आम्हाला शाळेत बोलावताना

परभणी जिल्ह्यातील नर्सऱ्या, केजीचे वर्ग आणि बालवाड्या चालवणाऱ्या संचालकांना, मुख्याध्यापिकांना आणि बाईंना



मी मानवत तालुक्यातल्या एका गावात राहते. नोकरीची बहुतेक वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेतला, आता निवृत्त आहे. मुलगा आणि सून शेती करतात. नातू रोज सकाळी गाडीत बसून जवळच्या मोठ्या गावातल्या नर्सरीत जातो. त्या नर्सरीचं नाव मी या पत्रात घेणार नाही, कारण जे लिहायचं आहे ते तिच्या एकटीबद्दलचं नाही. इतर तालुक्यांत ज्यांच्या घरी लहान लेकरं आहेत अशा ओळखीच्या बायकांशी बोलले, तेव्हा थोड्याफार फरकाने तोच अनुभव ऐकायला मिळाला. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना आहे.

गेल्या आश्विनात नातवाच्या दप्तरातून एक कागद आला. 'ऑटम सेलिब्रेशन' असं वर लिहिलेलं. लेकराला तपकिरी किंवा नारिंगी कपडे, डोक्याला कागदी मेपल पानांचा मुकुट, हातात भोपळ्याचं कटआउट. कार्यक्रम बुधवारी सकाळी अकराला. आईने लेकरासोबत स्टेजवर चालायचं. साहित्याचे पैसे आधी भरायचे. आणि खाली जाड अक्षरात, 'पालकांची उपस्थिती अनिवार्य'.

हा कागद ज्या बाईंनी तयार केला त्यांच्या मनात चांगलंच असणार, याबद्दल मला शंका नाही. लहान वर्गांच्या बाई तुटपुंज्या पगारात दिवसभर उभ्या राहून काम करतात, हे मी जवळून पाहिलेलं आहे. ऋतूची ओळख व्हावी, घरच्यांनी शाळेत यावं, लेकरानं चारचौघांत उभं राहावं, या तिन्ही गोष्टी मलाही हव्यात. पण ज्या रीतीने त्या केल्या जातात तिच्यामुळे आमच्या भागातली निम्मी घरं शाळेपासून लांब जातात आणि लेकरं स्वतःच्या शेतशिवारापासून. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि म्हणून स्पष्ट लिहिते.

पहिलं गाऱ्हाणं ऋतूचंच आहे.

आश्विनात आपल्याकडे पानं गळत नाहीत. पावसाळा संपून झाडं सगळ्यात भरलेली असतात ते हेच दिवस. कडुनिंब, पिंपळ, आपटा यांची पानगळ माघ-फाल्गुनात होते, आणि चैत्रात त्यांना नवी पालवी फुटते. नातवाच्या शाळेच्या फाटकाशी कडुनिंबाचं मोठं झाड आहे. फळ्यावर तपकिरी पानांचं चित्र, तोंडपाठ करायचं वाक्य 'या ऋतूत झाडांची पानं गळतात', आणि खिडकीबाहेर हिरवागार लिंब. चार वर्षांचं लेकरू अशा वेळी काय शिकतं? शाळेत सांगतात ते वेगळं आणि डोळ्यांना दिसतं ते वेगळं, आणि मार्क शाळेतल्याला मिळतात, हे शिकतं. पहिलीत येणाऱ्या लेकरांमध्ये मी ही सवय कितीतरी वेळा पाहिली आहे. प्रश्न विचारला की ती खिडकीबाहेर बघत नाहीत, बाईंच्या तोंडाकडे बघतात. ती सवय मोडायला वर्ष जातं.

युरोप-अमेरिकेतल्या बालशाळा ऑक्टोबरात लाल-पिवळी पानं गोळा करतात ते बरोबरच करतात. तिकडे दिवस झपाट्यानं लहान होतो, थंडी वाढते, पानांतली हिरवी द्रव्यं विरत जातात आणि पिवळा-तांबडा रंग वर येतो. लेकरं दाराबाहेर पडतात, पायाशी पडलेलं पान उचलतात आणि वर्गात आणतात. काश्मीरमधल्या लेकरांनी चिनाराची पानं अशीच आणावीत. आपण त्या शाळांकडून घ्यायचं होतं ते दाराबाहेर पडणं. घेतली ती त्यांची पानं, तीही दुकानातून विकत आणलेली.

आणि पिवळी पानं दाखवायचीच असतील तर आमच्या शेतात या. आश्विनाच्या तोंडावर सोयाबीन पिकायला लागलं की आधी पानं पिवळी पडतात, मग सगळी गळून जातात, आणि उघड्या झाडावर नुसत्या शेंगा राहतात. आपल्या जिल्ह्यात या दिवसांत होणारी पानगळ ती हीच, आणि ती हजारो एकरांवर होते. सोयाबीनच्या शेजारच्या ओळीत तूर मात्र हिरवीगार उभी असते. एक पीक पिवळं का आणि दुसरं हिरवं का, हा प्रश्न नर्सरीतलं लेकरू आपण होऊन विचारतं. मी नातवाला बांधावर नेलं तेव्हा त्याने तो विचारला.

बाकी काय काय घडत असतं या दिवसांत! कपाशीची पहिली बोंडं उमलतात. बांधावर सीताफळांचे डोळे उघडतात. झेंडू, शेवंती फुलते. पाणथळ जागी शेपटी हलवत फिरणारा धोबी पक्षी उत्तरेकडून पाहुणा येतो. दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटका देतं आणि पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटतं. गोदावरी, दुधना, पूर्णा यांचं गढूळ पाणी निवळायला लागतं. यातलं एकही त्या कागदावर नव्हतं.

दुसरं गाऱ्हाणं वेळेचं. हे मला सगळ्यात जास्त लागलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुमच्यातले पुष्कळ जण स्वतः शेतकऱ्याच्याच घरचे आहेत, तरी कागद काढताना शेतीचं पंचांग कोणी उघडलेलं दिसत नाही. सोयाबीन काढणीला आलं की थांबता येत नाही. उशीर झाला तर उन्हानं शेंगा तडकतात आणि दाणे रानात सांडतात. पाऊस आला तर शेंगेतल्या शेंगेत कोंब फुटतात. काढणीच्या तोंडावरच्या पावसानं आपल्याला काय काय दाखवलं ते तुम्हाला माहीत आहे. सप्टेंबर 2024 च्या पहिल्याच दोन दिवसांत जिल्हाभर शिवारं पाण्याखाली गेली. सप्टेंबर 2025 मध्ये तर सगळ्या मराठवाड्यानं पूर पाहिला. त्यातून वाचलेलं पीक उघाड मिळताच कापायचं असतं. कापणीची टोळी एकरावर ठरवावी लागते आणि ती एकदा हातची गेली की परत मिळत नाही. कापलेल्याची गंजी घालायची, वर ताडपत्री टाकायची, मळणी यंत्राचा नंबर लागेपर्यंत आभाळाकडे बघत बसायचं. सोयाबीन घरात येतं न येतं तोच कापसाची वेचणी सुरू होते. ती प्रामुख्यानं बायकांच्या हातांवर चालते आणि मजुरी किलोवर मिळते. ओटीत कापूस भरत दिवसभर वाकून चालणाऱ्या बाईला सकाळी अकराला शाळेत बोलावणं म्हणजे तिची त्या दिवसाची मजुरी बुडवणं आहे. त्याच पंधरवड्यात रब्बीची ज्वारी, करडई, हरभरा पेरायची घाई असते.

माझी सून त्या बुधवारी गेली नाही. टोळी रानात होती, त्यांचं जेवण-पाणी बघायचं होतं. मी गेले. फाटकाशी मला सांगितलं की कार्यक्रम आईसाठी आहे, आजीला स्टेजवर जाता येणार नाही. नातू मुकुट घालून एकटाच चालून आला. तोही प्रसंग मी मनाआड केला असता. पण दिवाळीच्या सुट्टीआधी जे प्रगतिपत्रक आलं त्यात 'पालकांचा सहभाग' असा एक रकाना होता आणि त्यात लिहिलं होतं, 'कमी'.

ते पत्रक सुनेनं वाचलं. पहाटे चारला उठून सगळ्यांच्या भाकरी करणारी, लेकराला आंघोळ घालून, दप्तर भरून गाडीपर्यंत सोडणारी, संध्याकाळी रानातून आल्यावर त्याला मांडीवर घेऊन दिवसभराचं सगळं ऐकून घेणारी ती बाई. 'कमी' हा शब्द वाचून ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आत्याबाई, आपण लेकराला शाळेत घालून चुकलो का?" संचालक महोदय, शेरे देण्याचं काम मी आयुष्यभर केलं आहे. एका शब्दानं घरात काय होतं ते शाळेला दिसत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी हात जोडून विनंती करते की आईबापाच्या मायेला तारखांच्या हजेरीवरून मार्क देऊ नका. तो रकाना पत्रकातून काढून टाका.

घरी करायला दिलेल्या प्रोजेक्टबद्दल थोडंच लिहिते. थर्माकोल, चमकी, छापील चित्रं आणून रात्री दहाला आया ते चिकटवत बसतात, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात ते तयार मिळतं. लेकराचे हात त्याला लागतच नाहीत. लेकरानं स्वतः वाकडंतिकडं केलेलं मागवा. पैसेही वाचतील.

मग भाषा. पालकसभेत सूचना इंग्रजीत वाचून दाखवतात आणि नंतर दोन वाक्यांत मराठीत त्याचा सारांश सांगतात. ज्या आयांना इंग्रजी येत नाही त्या शेवटच्या ओळीत बसतात, पदर सावरत मान हलवतात आणि एकही प्रश्न न विचारता घरी जातात. आपल्या जिल्ह्यात मराठीच्या जोडीला परभणी, पाथरी, मानवतच्या मोहल्ल्यांत उर्दू-दखनी बोलणारी घरं आहेत, जिंतूरच्या तांड्यांवर बंजारा बोलणारी. केंद्र सरकारचं 2013 चं बालशिक्षण धोरण असो की 2020 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण, या वयातल्या लेकराशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावं हेच दोन्हींत सांगितलं आहे. लेकरांना इंग्रजी शिकवायला माझी हरकत नाही, आईबापांनी त्यासाठीच पैसे मोजलेले असतात. पण आईबापांशी बोलताना तरी त्यांच्या भाषेत बोला. सभा त्यांच्यासाठीच असते ना?

यापुढचं गाऱ्हाणं खासगी नर्सऱ्यांपेक्षा बालवाड्या आणि अंगणवाड्यांशी जास्त जोडलेलं आहे, तरी ते सगळ्यांनी ऐकावं.

गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या गावांत दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. उचल घेतलेली असते. नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात, आणि ते कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे उसाला जातात. शाळेत जाणाऱ्या मोठ्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय करण्याची योजना आहे. तीन-चार वर्षांच्या लेकरासाठी असं काही नाही. ते आईसोबत जातं आणि होळी-पाडव्यापर्यंत उसाच्या फडात, कोपीवर, बैलगाडीखाली वाढतं. ज्या महिन्यांत आपण 'सहभाग' मोजतो नेमक्या त्याच महिन्यांत ही लेकरं हजेरीपटावरून पुसली जातात. परत आल्यावर त्यांना नव्यानं दाखल व्हावं लागतं, आणि वर्गातली बाकीची लेकरं तेवढ्यात पुढं गेलेली असतात.

यांचं नाव कापू नका, एवढं तर तुमच्या हातात आहे. जाण्याआधी लेकराला सोबत काहीतरी द्या. बियांची पिशवी द्या, चित्रांची वही द्या, वर्गातल्या दोस्तांनी काढलेलं चित्र द्या. आईला सांगा की कारखान्याच्या भागातही अंगणवाडी असते आणि तिथं आपला हक्क आहे. पोषण ट्रॅकरवर स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, ती नोंद निघायच्या आधी व्हावी. मधूनच एखादा फोन करून लेकराशी बोला. गावाकडच्या बाईंचा आवाज एवढ्या महिन्यांत दोनदा जरी कानावर आला, तरी परतल्यावर ते लेकरू दारात अडखळत नाही. अंगणवाडीच्या सेविकांवर आधीच खूप बोजा आहे याची मला जाणीव आहे. सप्टेंबरात पोषण महिना येतो, रोज एक कार्यक्रम, त्याचा फोटो, तो फोनवर टाकायचा. त्यांच्याकडून आणखी एक फोटो मागण्याऐवजी वरच्यांनी हे एक काम मागावं.

गाऱ्हाण्यांइतकंच, किंबहुना त्यांहून जास्त, मला काय व्हावं याबद्दल लिहायचं आहे.

ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा त्यांच्यापुढेही हीच अडचण होती. वस्तीतली लेकरं बालवाडीपर्यंत येत नव्हती. तेव्हा बालवाडीच उचलून वस्तीत, कुणाच्या तरी अंगणात नेली. आज देशभर जिला अंगणवाडी म्हणतात तिची सुरुवात अशी झाली. पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या लेकरांसाठी कुरणशाळा चालवल्या, म्हणजे गुरं चरतात तिथं शिक्षक गेले. माँटेसोरीची महागडी साधनं परवडत नव्हती म्हणून बिया, पानं, शंख-शिंपले, माती वापरली. आपल्याच महाराष्ट्रात हे होऊन गेलेलं आहे. मग सुगीच्या दिवसांत शाळेनं चार पावलं रानाकडे टाकायला हरकत का असावी?

कापसापासून सुरुवात करा. आपला जिल्हा कापसाचा, आणि नर्सरीच्या वर्गात कापूस नाही. एक उमललेलं बोंड लेकराच्या हातात द्या. त्यात चार-पाच कप्पे असतात, ते मोजू द्या. सरकी आणि कापूस वेगळा करू द्या. हे काम बोटांना किती कठीण जातं ते करून पाहा. मग आजीला बोलवा आणि तिला वाती वळायला सांगा. अंगठा आणि दोन बोटं यांच्यात कापूस धरून, ओढून, पीळ देणारा तिचा हात लेकरांना जवळून पाहू द्या. पुढं पेन्सिल धरायला हीच बोटं लागणार आहेत. तुम्ही त्यासाठी मणी आणि चिमटे विकत आणता. वर्गाच्या दिवाळीच्या पणत्यांत लेकरांनी वळलेल्या वाती लावा, त्या वाकड्या झाल्या तरी जळतात. परभणीत, मानवतात गाद्या भरणारी पिंजारी मंडळी आहेत. त्यांच्यातल्या कुणा आजोबांना बोलावून कापूस पिंजून दाखवायला सांगा. दबलेला कापूस फुगून वर येताना पाहिला की लेकरं जागची हलत नाहीत. शेतकऱ्याच्या घरातला कापूस आणि पिंजाऱ्याच्या हातातला कापूस एकच आहे, हे त्यांना तिथं दिसेल.

मग बी. घटस्थापनेला आमच्याकडे रानातली काळी माती आणून त्यात धान्य पेरतात. ज्यांच्या घरी घट बसतो त्यांची लेकरं ते पाहतातच. वर्गात मात्र ते सगळ्यांचं करता येतं, ज्या घरात घट नाही त्यांचंही. प्रत्येक लेकरानं आपल्या गावाची, आपल्या गल्लीची मूठभर माती आणावी, कुंडीत दाणे टाकावेत, आणि रोज कोंबाशेजारी दोरा धरून तेवढा तुकडा कापून भिंतीवर चिकटवावा. नवव्या दिवशी भिंतीवर चढत गेलेले दोरे बघून लहान-मोठं, कमी-जास्त हे कुणी शिकवायला लागत नाही. ज्वारी, करडई, हरभरा एकत्र मिसळून द्या आणि निवडायला लावा. सुपानं पाखडणारी आजी त्यांच्यात बसवा. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढलेली रब्बी ज्वारी 'परभणी मोती' या नावानं ओळखली जाते, करडईचा 'परभणी कुसुम' हा वाण आहे, आणि 'परभणी क्रांती' ही भेंडी तर देशभर पेरली गेली. आपल्या गावाचं नाव एका दाण्याला असतं, हे कळल्यावर लेकराचा चेहरा कसा होतो ते मी वर्गात पाहिलेलं आहे. त्याच विद्यापीठात बालविकास शिकवणारे प्राध्यापक आहेत. वर्षातून एकदा त्यांना विचारून आपल्या नर्सऱ्यांचं नियोजन करता येईल, दूरच्या शहरातल्या फ्रँचाइजीनं पाठवलेली फाईल उघडण्याऐवजी.

दसऱ्याला आपट्याची पानं लुटतात. त्याआधी लेकरांना आपट्याचं झाड दाखवा. फांद्या ओरबाडून आणलेलं पोतं वर्गात ओतू नका, एकेकाला एकेक पान पुरतं. त्याच दिवशी बौद्ध घरांत धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो, काही घरं नागपूरला जाऊन आलेली असतात. तिथून आल्यावर लेकराला प्रवासाचं सांगू द्या. शरदातले कार्यक्रम एकाच प्रकारच्या घरासाठी ठरवले की उरलेली लेकरं वर्गात पाहुणी होतात. माती, दाणा, कापूस, चांदणं यांत कुणीच पाहुणं राहत नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा तिकडेच वळते आहे. हादगा किंवा भुलाबाईची गाणी ज्या आजींना येतात त्यांनी ती म्हणावीत, पण मोहल्ल्यातल्या नानीलाही तिच्या घरचं एक गाणं म्हणायला सांगा. गंगाखेड तर संत जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या बायका अजून आपल्यात आहेत. लिहिता-वाचता येत नाही म्हणून त्या शाळेच्या फाटकाबाहेर उभ्या राहतात. त्यांच्याइतकी लय, त्यांच्याइतके शब्द आपल्या इंग्रजी राइम्सच्या सीडीत नाहीत. त्यांना खुर्ची द्या.

वेळेचंही सांगते. आईबापांना बोलवायचंच असेल तर कोजागिरीच्या संध्याकाळी बोलवा. दिवेलागणीनंतर माणसं रानातून आलेली असतात. दूध आटवलेलं असतं, पटांगणात सतरंज्या टाकल्या की झालं. बापही येतील. गेल्या कार्यक्रमाच्या फोटोत एकही बाप नव्हता हे तुमच्या लक्षात आलं असेल. पालकसभा घ्यायची असेल तर आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या. बहुतेक गावांत त्या दिवशी मजुरीला सुट्टी असते आणि माणसं गावात आलेलीच असतात. आजी, आजोबा, काका, मोठी बहीण, जो येईल तो पालक माना. लेकराला सांभाळणारं माणूस कोण आहे हे आईच्या नावावरून ठरवता येत नाही.

आणि दोन-तीन लेकरांच्या घरी, त्यांच्या खळ्यावर, वर्गाची एक सहल काढा. वर्गातल्या पुष्कळ घरांना स्वतःची जमीन नसते, तेव्हा 'तुमचं शेत' असं न म्हणता 'आपल्या गावचं रान' म्हणा, आणि मजुरी करणाऱ्या बापालाही त्याचं काम दाखवायला सांगा. विळा कसा धरतो, गंजी कशी रचतो ते तो चांगलं दाखवेल. एक काळजी मात्र घ्या. कपाशीवर फवारणी झाली असेल तर तिथं लेकरांना नेऊ नका, आधी शेतकऱ्याला विचारा. मळणी यंत्रापासून लांबूनच बघू द्या. पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या हव्यातच, ऊन कडक असतं.

हे सगळं करायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात. लागतं ते एवढंच की पोळ्याच्या आधी पाच-सहा पालकांना बोलावून आश्विन-कार्तिकाचं वेळापत्रक त्यांच्यासमोर ठरवायचं. त्यात एक शेतकरी असावा, एक मजूर बाई असावी, एक दुकानदार असावा. कोणत्या आठवड्यात काढणी, कोणत्या आठवड्यात वेचणी हे ते तुम्हाला बोटावर मोजून सांगतील. पावसानं सगळं पुढं ढकललं तर कार्यक्रमही पुढं ढकला. तेवढी मोकळीक नर्सरीला असते, बोर्डाची परीक्षा तर नाही.

यंदा मी माझ्या नातवाच्या शाळेला लेखी कळवलं आहे की आमचं खळं वर्गासाठी खुलं आहे. सोयाबीन निघाल्यावर रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत सगळी लेकरं आणि ज्यांना जमेल ती मोठी माणसं यावीत. नाष्ट्याला ज्वारीच्या लाह्या आणि सीताफळं असतील. सूनबाई त्या दिवशी घरी आहे, बोंडं तीच दाखवेल. ज्या नर्सऱ्यांना आपल्या गावात असं घर मिळत नसेल त्यांनी आमच्याकडे यावं. तुमचा होकार असो वा नकार, तो शाळेच्या फलकावर मराठीत लावा, म्हणजे आयांना वाचता येईल.



आपली नम्र,
नर्सरीत जाणाऱ्या एका लेकराची आजी,
सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका,
तालुका मानवत, जिल्हा परभणी